जानेवारीतले दारचे पैसे

लेम्पी कार्वोनेनने म्हणे इस्पितळाशी घासाघीस केली. पेट्रोल पंपाच्या काउंटरवरून ही बातमी निघाली तेव्हा तिने पाव रक्कम कमी करून घेतली होती. हॉकीच्या मैदानापर्यंत पोचेस्तोवर ती अर्धी झाली, आणि रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या किटलीशी येईपर्यंत लेम्पी साफ फुकटात भरती झाली होती, वर मोठा डॉक्टर तिच्यासाठी दार धरून उभा होता. पंपावरचा माणूस नाकातून बोलतो, जसं काही प्रत्येक शब्दाला सर्दी झालीय. "अडूनच बसली ना ती! म्हणाली, एवढेच देते, परवडत असेल तर घ्या आत, नाहीतर ही निघाले."

यातलं काहीही झालेलं नाही. जी बाई जुन्या सामानाच्या विक्रीत चिकटवलेली किंमत वाचून तेवढेच पैसे मोजते आणि वर "फार नाही ना कमी झाले तुम्हाला?" असं विचारते, ती इस्पितळाशी काय घासाघीस करणार? खरं तर त्या सकाळी बराच वेळ ती इस्पितळात गेलीच नव्हती. दारासमोरच्या गाडीतळावर, भावाच्या ट्रकमध्ये, खिडकीला डोकं टेकून बसली होती. दम पुरत नव्हता आणि आत पाऊल टाकायची छाती होत नव्हती.

लेम्पीचं वय एकोणऐंशी. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कोर्पी या खाणगावात, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं मटार-सूप आणि पॅनकेक खाऊन मोठी झाली, म्हणून अजूनही टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिला 'मिसेस के.' म्हणतात. नवरा खाणीत होता, तो गेला. समोरच्या घरात धाकटा भाऊ ओनी राहतो. तोही खाणीतलाच, यंत्रं दुरुस्त करणारा. ओनीला कुठलंही यंत्र ऐकून कळतं, आणि कुठलंही माणूस ऐकून कळत नाही, असं लेम्पी म्हणते.

आता कोर्पीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. खाण चालू होती तेव्हा युनियनचा विमा असायचा. त्या विम्यात वर्षातून एकदा पहिली ठरावीक रक्कम आपल्या खिशातून घालायची, मग पुढचा खर्च विम्याचा. कागदावर तिला डिडक्टिबल म्हणतात. कोर्पीत कुणी तसं म्हणत नाही. इथे त्याला 'दारचे पैसे' म्हणतात, नाचाच्या हॉलच्या दारावर घेतात तसे. एकदा दारचे पैसे भरले की ख्रिसमसपर्यंत जेवढं नाचायचं तेवढं नाचा. म्हणून मग ज्याने वसंतात हात मोडला तो डिसेंबरात गुडघाही बदलून घेई, डोळ्यातला मोतीबिंदूही काढून घेई. डिसेंबरात अख्खं गाव लंगडत असे. आणि एक तारखेला हॉलचं दार पुन्हा बंद, पुन्हा पैसे. तेव्हा जानेवारीत आजारी पडायचं नाही. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण जानेवारीत खोकला आला तरी माणसं तोंडावर हातमोजा धरून खोकत, विम्याने ऐकू नये म्हणून.

खाण बंद झाली, माणसं म्हातारी झाली, विमा सरकारी झाला. पासष्टीनंतरचा तो मेडिकेअर. नियम मात्र डोक्यात खाणीचाच राहिला.

लेम्पी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात एकदा इस्पितळात जाऊन आली होती. हृदय थकलंय, पाणी नीट पुढे ढकलत नाही, ते फुप्फुसात साचतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा दारचे पैसे आले ते सोळाशे डॉलरच्या वर. वरचा जोडविमा असता तर त्याने ते भरले असते, पण त्याचा हप्ता वाढत गेला तसा तिने तो नवरा गेल्यावर सोडून दिला होता. तिने पैसे भरले. फक्त तळघरातली घर तापवायची भट्टी बदलायची होती ती पुढे ढकलली. भट्टी अशी की ओनीने येऊन कुशीत लाथ घातल्याशिवाय पेटत नसे. उरलेले पैसे तिने भट्टीसाठी वेगळे ठेवले. बाहेर उणे तीस असताना कोर्पीत भट्टी बंद पडली तर सकाळी नळ फुटलेले असतात आणि म्हातारं माणूस कदाचित उठलेलंच नसतं.

आणि जानेवारीत पाणी पुन्हा चढायला लागलं.

आधी घोटे सुजले. मोज्याची रेघ पायावर रुतून बसायला लागली. मग आडवं झोपलं की कुणीतरी छातीवर पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून ती खुर्चीत बसून झोपू लागली. लाकूड घेऊन अंगणातल्या सॉनापर्यंत, वाफेच्या न्हाणीपर्यंत, जाता येईना. तिने स्वतःला समजावलं: मिठाचं खाल्लं असेल. थंडी आहे. वय आहे. आणि या सगळ्याखाली दुसरा एक विचार कुरतडत असे. गेले तर पुन्हा दारचे पैसे. ते दिले तर भट्टी नाही. भट्टी नाही तर घर नाही. मग एवढा जीव वाचवून तो ठेवायचा कुठे?

ओनीला कळलं ते असं. कोर्पीतली जुनी माणसं 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात. 'यो', असा, गरम कॉफीचा पहिला घोट ओढल्यासारखा. बाहेरच्या माणसाला वाटतं यांना धक्का बसला. त्या सकाळी ओनीने दारातून विचारलं, "कॉफी झाली का?" आणि लेम्पी 'यो' म्हणाली ती बाहेरच्या श्वासावर. आत ओढायला जागाच नव्हती.

ओनी तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने यंत्र सोडून माणूस ऐकलं.

"परत म्हण."

"काय?"

"यो म्हण."

"तुझ्या हुकमाने म्हणू?" एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

"ट्रक काढतो," तो म्हणाला.

"मी जात नाही. जानेवारी आहे."

आता ओनीचीच पंचाईत. जानेवारीचा नियम घरोघर सगळ्यात मोठ्याने सांगत फिरणारा तोच. त्याला तो खोटा म्हणता येईना आणि बहिणीला असं बघवेना. तो टोपी हातात घेऊन फिरवत राहिला, आणि मग त्याने कोर्पीच्याच डोक्यातून निघेल असा तोडगा काढला.

"हे बघ लेम्पी. आत जायचंच नाही. नुसतं जाऊन गाडीतळावर थांबायचं. गाडीतळ फुकट आहे. वाढलं तर दार समोरच. नाही वाढलं तर परत. थांबायचे पैसे कुणी घेत नाही."

लेम्पीने विचार केला. तिला त्यात खोट काढता येईना. तिने कोट घातला, बूट घालायला वाकता येईना म्हणून ओनीने घातले, आणि दोघं निघाले.

इस्पितळ खालच्या शहरात. वाटभर ओनी इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलत राहिला, कारण तिच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकायचा नव्हता. घरघर दोन्हीकडून येत होती. गाडीतळावर त्याने ट्रक दारासमोरच लावला. सरकती काच उघडत होती, मिटत होती. प्रत्येक वेळी आतला पिवळा उजेड बाहेर पडायचा आणि कापला जायचा. लेम्पी त्या दाराकडे बघत राहिली. दारावर माणूस नव्हता, तिकिटाची खिडकी नव्हती, पण तिला वाटत होतं की त्या रबरी पायपुसण्यावर पाय पडला की कुठेतरी घंटा वाजेल आणि भट्टीचे पैसे जातील.

"बरं वाटतंय ना?" ओनी.

"छान."

"ओठ निळे आहेत तुझे."

"लिपस्टिक आहे."

"तू कधी लावलीस लिपस्टिक?"

"जानेवारीत लावते."

ओनी हसला नाही. त्याने हीटर वाढवला, मग कमी केला, मग खिडकी पुसली. शेवटी म्हणाला, "मी आत जाऊन नुसता भाव विचारून येतो."

"माझं नाव सांगू नकोस! नाव लिहून घेतलं की झालं."

तो गेला. लेम्पी एकटी राहिली. आता बोलायला कुणी नव्हतं, म्हणून फक्त श्वास मोजायचा राहिला. वर आला, खाली गेला, पण तळापर्यंत पोचत नव्हता, विहिरीत दोर कमी पडावा तसा. तिला एकाएकी वाटलं, ओनी परत येईपर्यंत आपण नसलो तर? आणि लगेच दुसरा विचार आला की मग पैसे तरी वाचतील. हा दुसरा विचार इतक्या सहज आला, की तीच घाबरली. तोवर ती कशालाही एवढी घाबरली नव्हती.

ओनी धावत आला. पंचाहत्तरीचा माणूस बर्फावर धावतो तसा, म्हणजे हात धावत होते आणि पाय जपून टाकत होता. एका हातात कागदी कप, दुसऱ्या हातात कसलातरी नंबर लिहिलेला कागदी रुमाल.

"काउंटरवरची मुलगी म्हणते, भाव मी सांगू शकत नाही. म्हणते, पेशंट कुठे आहे. मी म्हटलं, आहे कुठेतरी. ती म्हणते, श्वास लागतोय तर आधी आत आणा. मी म्हटलं, आधी भाव. मग तिने हा नंबर दिला. मेडिकेअरचं समजावून सांगणारी माणसं आहेत म्हणे, म्हाताऱ्यांसाठी. पैसे घेत नाहीत."

"सांगायचेही नाहीत?"

"सांगायचेही नाहीत."

फोन लावला. संगीत वाजू लागलं, पिपाणीचं, लग्नात उशिरा आलेल्या वाद्यवाल्यासारखं. मधूनमधून एक गोड आवाज सांगत होता की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ओनी दर वेळी त्या आवाजाला "मग उचल की बाई" म्हणत होता. लेम्पीने डोळे मिटले होते. ओनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, जो त्याने बहुतेक तिच्या लग्नानंतर कधी ठेवला नसेल.

मग खऱ्या बाईचा आवाज आला. नाव रोझेला. आवाज असा की एकेक शब्द धुऊन, पुसून, टेबलावर मांडतेय. "नमस्कार. मी तुम्हाला कशी मदत करू?"

लेम्पीने सांगायला सुरुवात केली. दोन शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. दुसऱ्या श्वासालाच रोझेलाने तोडलं.

"मिसेस कार्वोनेन, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"गाडीत."

"गाडी कुठे आहे?"

"इस्पितळाच्या दारात."

मग मांडलेले सगळे शब्द टेबलावरून खाली पडल्यासारखी रोझेला म्हणाली, "अहो मग आत जा ना!"

"आधी सांगा. दारचे पैसे पुन्हा भरायचे का?"

"कसले पैसे?"

"डिडक्टिबल," ओनी ओरडला. "नवीन वर्ष लागलंय. जानेवारी आहे!"

"तुम्ही कोण?"

"भाऊ. ट्रक माझा आहे."

"बरं, ट्रकवाले. ऐका. मी सांगते, पण उभं राहून सांगत नाही. तुम्ही बाईंना धरा, चालायला लागा, आणि चालता चालता मी सांगते. थांबलात तर मीही थांबेन. कळलं?"

लेम्पीने दार उघडलं. थंडी नाकात सुईसारखी घुसली. ओनीने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हातात फोन असा पुढे धरला जसं काही त्यावर मेणबत्ती पेटलीय.

"चाललात?"

"चाललो."

"इस्पितळाचे पैसे वर्षावर नसतात. जानेवारीचा आणि त्यांचा काही संबंध नाही. तुम्ही भरती झालात की एक खेप सुरू होते. इस्पितळातून सुटल्यावर सलग साठ दिवस पुन्हा भरती न होता गेले, की ती खेप संपते. संपायच्या आत परत आलात, तर तीच खेप चालू. तुम्ही कधी सुटलात?"

"थँक्सगिव्हिंगनंतर," लेम्पी म्हणाली आणि थांबली. पाय पुढे येईना.

"साठ व्हायला अजून अवकाश आहे. म्हणजे खेप तीच. म्हणजे इस्पितळाचं डिडक्टिबल पुन्हा नाही. चालताय ना?"

"दम घेतेय."

"घ्या. मी आहे." आवाज पुन्हा हळू झाला.

ओनीचा चेहरा असा झाला होता जसं कुणी त्याला सांगितलंय की उत्तर दिशा आजवर दुसरीकडेच होती. "म्हणजे डिसेंबरातले सगळे गुडघे..."

"नंतर, ओनी," लेम्पी म्हणाली.

"पण ट्रकवाल्यांचंही निम्मं बरोबर आहे," रोझेला म्हणाली. "डॉक्टरांचा भाग वेगळा. त्याचं डिडक्टिबल लहान असतं आणि ते वर्षाचंच. ते जानेवारीत नव्याने लागेल, त्यावरचा पाचवा हिस्साही तुमचा. पण ती रक्कम बरीच कमी."

"बघ! निम्मं बरोबर!" ओनी म्हणाला. गारठून मेला असता तरी हे वाक्य त्याने म्हटलं असतं.

दार आता चार पावलांवर. काच उघडली, कारण ती त्यांना ओळखत नसली तरी पाय ओळखत होती. आतली उबदार हवा तोंडावर आली. आणि लेम्पी पायपुसण्याच्या काठाशी पुन्हा उभी राहिली. तिच्या मनात जी शंका शेवटी उरली होती ती सगळ्यात वाईट होती.

"मागच्या वेळी... मला भरती केलं होतं, की नुसतं... नजरेखाली ठेवलं होतं? शेजारणीला ठेवलेलं. पलंग दिला, जेवण दिलं, आणि मग म्हणाले... भरती नव्हतीच."

"फार चांगलं विचारलंत," रोझेला म्हणाली. "नुसतं नजरेखाली ठेवलं तर ते डॉक्टरांच्या भागात जातं, आणि खेप सुरूच होत नाही. पण तुम्ही इस्पितळाचे ते मोठे पैसे भरलेत ना?"

"सगळे."

"मग भरतीच होती. भरती नसती तर ते मागितलेच नसते. आता आत जा. आणि आत गेल्यावर त्यांना विचारा, भरती करताय की नजरेखाली ठेवताय. विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जा."

लेम्पीने पायपुसण्यावर पाय ठेवला. घंटा वाजली नाही. काउंटरमागची मुलगी मात्र उठून पळत आली, चाकाची खुर्ची ढकलत, आणि ओनीकडे बघून म्हणाली, "आहे कुठेतरी, नाही का?"

आत नेल्यावर नळी लावायला आलेल्या नर्सने हात धरला, तर लेम्पीने हात मागे घेतला. "आधी सांग. भरती की नजरेखाली?" नर्स म्हणाली, डॉक्टर ठरवतील. मग डॉक्टर आले, तिच्या छातीचा फोटो बघितला, आणि म्हणाले, भरती, दुसरा प्रश्नच नाही. तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. घासाघिशीची बातमी बहुधा याच जागेवरून निघाली असावी. शेजारच्या पडद्याआड कोर्पीचंच कुणीतरी पडलं होतं, त्याला एवढंच ऐकू गेलं की ही बाई नर्सला म्हणतेय, आधी सांग.

फुप्फुसातलं पाणी औषधाने उतरवायला बरेच दिवस गेले. पहिल्या रात्री ती आडवी झोपू शकली नाही, आणि ओनी बाहेरच्या बाकावर टोपी छातीशी धरून बसून राहिला. पाणी उतरेल की नाही, डॉक्टर सांगेनात. घरी भट्टीला लाथ घालायला कुणी नव्हतं, म्हणून तो मध्येच तीस मैल घरी जाऊन लाथ घालून परत येई. तिसऱ्या सकाळी तो आला तेव्हा ती उशीवर सपाट पडली होती. तो दारातच म्हणाला, "लेम्पी?"

"यो," ती म्हणाली. आत ओढून.

ओनी खुर्चीत बसला, आणि नर्सने त्याला पाणी दिलं.

ती घरी आली तेव्हा मी, तिच्या शाळेत जेवून मोठी झालेल्यांपैकीच एक, तिला पॅनकेक भाजायला नाही, पण खायला मदत करायला गेले होते. ओनी, रोझेला, काउंटरवरची मुलगी, सगळ्यांचे आवाज काढून तिने मला गोष्ट सांगितली, आणि तिने काढलेली रोझेला मी इथे काढलेल्या रोझेलापेक्षा चांगली होती, हे मला अजून पचलेलं नाही. मी म्हटलं, मिसेस के., फोनवरची बाई काहीही म्हणो, इस्पितळ मोठे पैसे पुन्हा मागणारच, सगळे मागतात. ती म्हणाली, लाव पैज. हरलीस तर वसंतापर्यंत माझ्या सॉनाचं लाकूड तू आणायचं. मी विचारलं, आणि मी हरले नाही तर? ती म्हणाली, मग रोज संध्याकाळी तुला माझ्या हातचा वेलदोड्याचा पाव.

दोन आठवड्यांनी बिल आलं. मी पहिला आकडा बघितला आणि पावाचा वास यायलाच लागला. "बघा, मागितले की नाही!"

लेम्पीने चष्मा लावला. "हे डॉक्टरांचं. ओनीचं निम्मं." मग तिने खालची ओळ माझ्यासमोर धरली. इस्पितळाच्या डिडक्टिबलपुढे शून्य होतं.

भट्टीवाला मंगळवारी येतोय. मी लाकडं आणतेय.